दोन डोस झाले, रक्तात काहीच नाही: प्रत्यारोपित रुग्ण आणि तिसऱ्या डोसचं प्रकरण

436 पैकी 76.

15 मार्च 2021 रोजी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाचं एक छोटं पत्र छापून आलं, त्यातला हा आकडा. किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस यांपैकी कुठला ना कुठला अवयव बसवलेल्या 436 जणांनी कोव्हिडच्या एमआरएनए लशीचा पहिला डोस घेतला होता. साधारण तीन आठवड्यांनी त्यांचं रक्त तपासलं, तर फक्त 76 जणांच्या रक्तात विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे 17 टक्के. याच लशींच्या मूळ चाचण्यांत निरोगी स्वयंसेवकांपैकी जवळपास सगळ्यांच्या रक्तात तेवढ्या मुदतीत अँटिबॉडी दिसल्या होत्या.

प्रत्यारोपणाच्या ओपीडीत बसणाऱ्यांना हे अगदीच अनपेक्षित नव्हतं. हिपॅटायटिस बी ची लस डायलिसिसवरच्या रुग्णाला दुप्पट मात्रेत द्यावी लागते आणि प्रत्यारोपण झाल्यावर दिली तर तीही अनेकदा लागू पडत नाही. फ्लूच्या लशीचंही तेच. पण शंभरातल्या त्र्याऐंशी जणांच्या रक्तात काहीच नाही, हे साथ ऐन भरात असताना कागदावर बघणं वेगळं.

त्यानंतर पाच महिन्यांनी, 12 ऑगस्ट 2021 रोजी, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, याच रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला मंजुरी दिली. औषध नियमनाच्या चालीने पाहिलं तर हे काम विलक्षण झपाट्याने झालं. ज्याच्या गल्लीत डेल्टा शिरला होता त्या रुग्णाच्या दृष्टीने नाही. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते अशासाठी की यातला सुरुवातीचा बराचसा पुरावा कंपन्यांच्या चाचण्यांबाहेरून, रुग्णांच्या पुढाकाराने आला. आणि तो समोर येत असतानाही नियम मात्र दंडात किती सुया गेल्या तेवढंच मोजत राहिले.

मूळ चाचण्यांत नसलेली माणसं

फायझरच्या चाचणीत 43 हजारांहून अधिक स्वयंसेवक होते, मॉडर्नाच्या चाचणीत सुमारे 30 हजार. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घेणारे दोन्हींतून वगळले होते. कारणं होती. लस चालते की नाही याचं उत्तर लवकर हवं असेल, तर ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे अशांना सामील केल्याने उत्तर गढूळ होतं. दुसरी भीती रिजेक्शनची. लस प्रतिकारयंत्रणेला चेतवते. ती चेतलेली यंत्रणा बसवलेल्या किडनीवरच उलटली तर काय घ्या?

मुख्य चाचणीतून वगळणं मला समजतं. त्याच वेळी शे-दोनशे प्रत्यारोपित रुग्णांचा वेगळा छोटा अभ्यास सुरू का केला नाही, हे मात्र समजत नाही. डिसेंबर 2020 मध्ये लशींना परवानगी मिळाली तेव्हा प्रत्यारोपण केंद्रं रुग्णांना ‘घ्या’ असंच सांगत होती. सल्ला बरोबर होता. पण ‘डॉक्टर, मला कितपत उपयोग होईल?’ या प्रश्नाला आकड्यातलं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

दंडावर चिकटवायची डबी

बाल्टिमोरमधल्या या गटात डॉरी सेगेव्ह हे प्रत्यारोपण सर्जन होते, विल्यम वर्बेल हे संसर्गतज्ज्ञ होते, ब्रायन बोयार्स्की होते. त्यांनी रुग्णालयाच्या यादीतून रुग्ण निवडले नाहीत. समाजमाध्यमांवर आवाहन केलं: तुमचं प्रत्यारोपण झालं असेल आणि तुम्ही लस घेणार असाल तर आमच्या अभ्यासात या. देशभरातून माणसं आली. डिसेंबर 2020 च्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ज्यांनी पहिला डोस घेतला ते पहिल्या पत्रात मोजले गेले.

साथीच्या दिवसांत प्रत्यारोपित माणसाला लॅबच्या रांगेत उभं करणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. म्हणून बऱ्याच जणांच्या घरी एक छोटी डबी पोचली. ती दंडाच्या वरच्या भागावर चिकटवायची, बटण दाबायचं; आतल्या बारीक सुया कातडीला टोचतात आणि केशवाहिन्यांतलं थोडंसं रक्त डबीत जमतं. ते बंद करून पाठवून द्यायचं. शिरेत सुई नाही, लॅबवाला नाही. ज्यांना हे नको होतं त्यांनी नेहमीसारखं शिरेतून रक्त दिलं.

तपासणी दोन प्रकारच्या किटवर झाली. त्यातलं रोश कंपनीचं किट आपल्याकडच्या लॅबमध्येही पुढे वापरात आलं. त्यात 0.8 युनिट किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. यंत्राला 0.4 च्या खालचं मोजता येत नाही, त्यामुळे ज्याच्या रक्तात काहीच सापडत नाही त्याच्या रिपोर्टवर आकड्याऐवजी ‘0.40 पेक्षा कमी’ एवढंच छापून येतं. प्रत्यारोपित रुग्णांच्या घरात 2021 साली या ओळीने किती झोपा उडवल्या, त्याची गणती नाही.

अभ्यासाच्या उणिवाही सांगायला हव्यात. सहभागी स्वतःहून आलेले, बहुतेक गोरे, त्यांत बायका जास्त. बरोबरीने तपासलेला निरोगी लोकांचा गट नाही. प्रतिकारयंत्रणेचा दुसरा हात असलेल्या टी पेशींची तपासणी नाही. असा अभ्यास एरवी कुणी फारसा मनावर घेतला नसता. पण फरकच एवढा मोठा होता की या उणिवांनी तो झाकला जाण्यासारखा नव्हता.

गोळ्यांच्या डबीतला तिसरा कप्पा

5 मे 2021 रोजी त्याच गटाचं दुसरं पत्र आलं. या वेळी 658 जण, दोन्ही डोस झालेले. 98 जणांना (15 टक्के) पहिल्या डोसनंतरच अँटिबॉडी आल्या होत्या, 259 जणांना (39 टक्के) दुसऱ्यानंतर आल्या आणि 301 जणांना, म्हणजे 46 टक्क्यांना, दोन्ही डोसनंतरही काहीच नव्हतं.

पण माझ्या मते या पत्रातली खरी बातमी पुढच्या फोडीत होती. या 658 पैकी 473 जण ज्यांना अँटिमेटाबोलाइट म्हणतात त्या वर्गातलं औषध घेत होते, मुख्यतः मायकोफेनोलेट. त्यांच्यातल्या 57 टक्क्यांना दोन डोसनंतरही अँटिबॉडी नव्हत्या. जे 185 जण हे औषध घेत नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण 18 टक्के. दोघांचंही प्रत्यारोपण झालेलं, दोघंही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर, आणि तरी एवढी तफावत.

ती का, हे समजून घ्यायचं तर रुग्णाच्या गोळ्यांच्या डबीत डोकावावं लागतं. किडनी बसवलेल्या माणसाच्या डबीत सहसा तीन औषधं असतात. टॅक्रोलिमस, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. ‘टॅक लेव्हल’, म्हणजे या औषधाची रक्तातली पातळी, तपासायची असेल त्या सकाळी गोळी न घेता लॅबमध्ये जायचं आणि रक्त दिल्यावर तिथेच गोळी गिळायची. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, हळूहळू कमी करत आणलेलं. आणि मायकोफेनोलेट.

टॅक्रोलिमस टी पेशींच्या आतला कॅल्सिन्युरिन नावाचा विकर अडवतो. तो अडला की पेशीच्या केंद्रकाला ‘धोका आहे’ हा निरोप पोचत नाही आणि इंटरल्युकिन-2 हे चेतवणारं रसायन पुरेसं बनत नाही. लशीला याचा फटका बसतोच, कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना त्या चांगल्या बनवायला टी पेशींची मदत लागते.

मायकोफेनोलेटचा घाव वेगळ्या जागी बसतो. लस टोचल्यावर काखेतल्या लसिकाग्रंथींत बी पेशींची केंद्रं तयार होतात. तिथे एकेक पेशी काही तासांत दुप्पट होत जाते, तिच्यात बारीकसारीक बदल होतात, विषाणूला घट्ट पकडणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या मरतात. हे सगळं वेगाने विभाजन होण्यावर चालतं, आणि विभाजनासाठी डीएनए हवा, डीएनएसाठी ग्वानोसिन हवं. शरीरातल्या बऱ्याचशा पेशी जुनं ग्वानोसिन पुन्हा वापरून वेळ निभावतात. लिम्फोसाइटना, म्हणजे या बी आणि टी पेशींना, ते जमत नाही. त्यांना नवं बनवावं लागतं, आणि मायकोफेनोलेट नेमकं ते बनवणारं विकर बंद करतं. पंगत बसलेली, तवा तापलेला, लाटणारी हात धुऊन तयार, आणि कणीकच नाही, अशी त्या ग्रंथीची अवस्था होते. लस पोचलेली असते, ओळखलीही जाते, पण पेशींची फौज उभी राहत नाही.

औषध ज्या कामासाठी दिलं ते काम चोख करतंय, असाच याचा अर्थ. बसवलेल्या किडनीविरुद्ध जी फौज उभी राहू नये म्हणून गोळी दिली, तीच लशीने उभी करायला हवी होती. रक्तगट न जुळणाऱ्या प्रत्यारोपणाआधी जे रिटुक्सिमॅब देतात ते तर बी पेशीच नाहीशा करतं. त्यानंतर कित्येक महिने अँटिबॉडीची आशा धरण्यात अर्थ नसतो. बेलाटासेप्ट या शिरेतून द्यायच्या औषधावर असलेल्यांचे आकडे तर सगळ्यांत वाईट निघाले.

13 मे

दुसरं पत्र छापून आठ दिवस झाले होते. 13 मे 2021 रोजी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, जाहीर केलं की दोन्ही डोस पूर्ण झालेल्यांनी मास्क काढायला हरकत नाही. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं, असं बारीक अक्षरात होतं. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या बिनमास्कच्या माणसाला ते बारीक अक्षर लागू होत नव्हतं. 19 मे रोजी एफडीएने आणखी एक सूचना काढली: लस लागू पडली का हे बघण्यासाठी अँटिबॉडी तपासू नका.

या सूचनेमागचं तर्कशास्त्र मी उडवून लावणार नाही. किती अँटिबॉडी म्हणजे पुरेसं संरक्षण, ही रेषा तेव्हा ठरलेली नव्हती. टी पेशींचा वाटा या तपासणीत दिसत नाही. निरोगी माणसाने 800 आले की 1200 यावर काळजी करत बसणं फुकटच होतं. पण ‘किती’ हा प्रश्न वेगळा आणि ‘आहे की नाही’ हा वेगळा. ज्या गटात निम्म्यांच्या रक्तात काहीच उमटत नाही, तिथे शून्य हे शून्यच असतं, आणि आपण त्यात आहोत हे कळलेला माणूस लग्नाला जायचं की नाही हे वेगळ्या पद्धतीने ठरवतो.

योगायोग असा की त्याच 13 मे रोजी दिल्लीतही एक निर्णय झाला. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आलं.

आपल्याकडे 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस सुरू झाली, तेव्हा केंद्राने 20 आजारांची यादी काढली होती. किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालेले आणि प्रतीक्षायादीवरचे त्या यादीत होते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र नेलं की लस मिळायची. म्हणजे ही माणसं वेगळी आहेत, त्यांना आधी संरक्षण हवं, हे सरकारने ओळखलेलं होतं. मग अंतर वाढलं. एप्रिलमध्ये पहिला डोस घेतलेल्याला कोविन 84 दिवसांच्या आत दुसरा देईना. दुसरी लाट ओसरायची होती. हॉपकिन्सचा 17 टक्क्यांचा आकडा एमआरएनए लशींचा होता, कोव्हिशील्डचा नाही, तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण पहिल्या डोसवर या रुग्णांनी फार विसंबू नये एवढं तरी त्यातून कळत होतं.

अंतर वाढवण्याला आधार होता: निरोगी माणसांत जास्त अंतराने प्रतिसाद बरा मिळत होता, आणि लशीचा तुटवडा होता. तक्रार अपवादाची आहे. 7 जून 2021 ला केंद्राने 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सवलत दिली, ती परदेशी शिकायला वा नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिम्पिकला निघालेल्या चमूला. यादीत अपवाद बसवता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. प्रत्यारोपित रुग्णांसाठी तो बसवला गेला नाही.

रुग्णांनी मिळवलेला तिसरा डोस

अमेरिकेत एव्हाना लशीची टंचाई संपली होती आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही ती मिळत होती. ‘0.40 पेक्षा कमी’ वाचलेल्या काही जणांनी आपल्याच जबाबदारीवर तिसरा डोस घेतला. नियमात बसत नव्हतं. हॉपकिन्सच्या गटाने तो दिला नव्हता, पण घेतलेल्यांनी कळवल्यावर त्यांचं रक्त तपासलं. जूनच्या मध्यावर ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये 30 जणांची हकिगत आली. सहा जणांना आधी थोड्या अँटिबॉडी होत्या. त्या सहाही जणांच्या भरपूर वाढल्या. उरलेल्या 24 जणांना आधी काहीच नव्हतं. त्यांतल्या सहांना भरपूर आल्या, दोघांना थोड्या, सोळा जण होते तिथेच राहिले.

आणि एका हृदय प्रत्यारोपित रुग्णामध्ये तिसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात सौम्य रिजेक्शन बायोप्सीत दिसलं. हृदयाचं काम बिघडलं नव्हतं. लशीमुळे झालं का, हे तीस जणांवरून ठरवता येत नाही. पण लेखकांनी ते लपवलं नाही, आणि नियामकांना सावध राहायला ते एक कारण पुरेसं होतं.

फ्रान्सने एवढी वाट पाहिली नव्हती. तिथे एप्रिल 2021 मध्येच प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना तिसऱ्या डोसची शिफारस झाली होती. तुलूझच्या नासिम कमार आणि सहकाऱ्यांनी 101 रुग्णांना फायझरचे तीन डोस दिले. पहिल्या डोसनंतर 4 टक्क्यांत अँटिबॉडी, तिसरा देण्याआधी 40 टक्क्यांत, तिसऱ्यानंतर चार आठवड्यांनी 68 टक्क्यांत. रिजेक्शन एकही नाही. जूनमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये हे छापून आलं आणि चर्चेचा सूर बदलला.

जुलैमध्ये दुसऱ्या बाजूने दाब आला. अँटिबॉडी नसल्या म्हणून काय झालं, प्रत्यक्षात आजारी पडतात का, हा आक्षेप तोवर उभा होता. हॉपकिन्सच्याच मंडळींनी 17 प्रत्यारोपण केंद्रांतली माहिती एकत्र केली: लस पूर्ण झालेले 18,215 रुग्ण, त्यांतल्या 151 जणांना नंतर कोव्हिड, 87 जण रुग्णालयात, 14 मृत्यू. लस घेतलेल्या सर्वसामान्यांच्या तुलनेत संसर्गाचा धोका 82 पट, आणि रुग्णालयात जाण्याचा वा मरणाचा 485 पट निघाला. हे ‘पट’ थोडे जपून वाचावेत. सर्वसामान्य लोकांमधले सौम्य संसर्ग मोजणीत येत नाहीत, प्रत्यारोपित रुग्ण मात्र जरा ताप आला तरी केंद्राला फोन करतो. पण 151 पैकी 87 जण भरती, हे गुणोत्तर कुणाशीही तुलना न करता बोलतं.

ऑगस्टमध्ये टोरंटोहून हवी होती ती गोष्ट आली: चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी. दीपाली कुमार, अतुल हुमर, व्हिक्टोरिया हॉल आणि सहकाऱ्यांनी 120 रुग्ण घेतले, निम्म्यांना मॉडर्नाचा तिसरा डोस दिला, निम्म्यांना मिठाचं पाणी. महिन्याभराने लस मिळालेल्या 55 टक्क्यांची पातळी ठरवलेल्या 100 युनिटच्या वर गेली. मिठाच्या पाण्याच्या गटात 18 टक्क्यांची. रिजेक्शन दिसलं नाही. हा अहवाल जवळपास एफडीएच्या निर्णयाबरोबरच प्रसिद्ध झाला. 12 ऑगस्टच्या मंजुरीत दुसऱ्या डोसनंतर किमान 28 दिवसांनी तिसरा, असं ठरलं. इस्रायलने जुलैतच सुरुवात केली होती. ब्रिटनची शिफारस 1 सप्टेंबरला आली.

आपल्याकडे ‘प्रिकॉशन डोस’ 10 जानेवारी 2022 ला सुरू झाला, तो आरोग्य कर्मचाऱ्यांना, आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांना आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांना, आणि तोही दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी. मार्च 2021 च्या यादीत प्राधान्याने बसलेला पन्नाशीतला किडनी प्रत्यारोपित माणूस या यादीत नव्हता. ओमायक्रॉनची लाट त्याने दोन डोसांवर काढली. 18 वर्षांपुढच्या सर्वांना डोस खुला झाला 10 एप्रिल 2022 ला, खासगी केंद्रांत, पैसे मोजून. जो डोस इतरांसाठी जादाचा होता तो याच्यासाठी मूळ कोर्सचाच भाग होता, हा फरक आपल्या वेळापत्रकात कुठे उमटलाच नाही. वयाची अट पाळायला सोपी, आजाराची तपासायला अवघड, हे खरं; पण वर्षभरापूर्वी प्रमाणपत्रावर तेच काम झालं होतं.

गोळी थांबवली तर?

मायकोफेनोलेटच आड येत असेल, तर लशीच्या आगेमागे ते थांबवावं का? प्रश्न साहजिक आहे, आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो करून पाहिला. आधीच्या डोसांना दाद न दिलेल्या 29 किडनी प्रत्यारोपितांचं औषध त्यांनी देखरेखीखाली काही आठवडे थांबवून चौथा डोस दिला. बहुतेकांना अँटिबॉडी आल्या. बातमी पसरली.

मग नेदरलँड्समधली मोठी चाचणी 2023 मध्ये आली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली. तिथे डोसच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत औषध थांबवलेल्यांत आणि चालू ठेवलेल्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. दुप्पट मात्रेनेही नाही, लशीचा प्रकार बदलूनही नाही. आणखी एक साधा डोस दिला, की अनेकांना त्यानेच प्रतिसाद आला. बर्लिनमध्ये औषध जास्त काळ बंद होतं, हा फरक उरतोच. तुलनेला गट नव्हता, हाही.

त्यामुळे हे वाचून कुणी आपली मायकोफेनोलेटची गोळी आठवडाभर गाळून पाहू नये. लशीचा डोस पुन्हा देता येतो. आईने दिलेली किडनी पुन्हा देता येत नाही, आणि आपल्या देशात बहुतांश किडन्या अशाच, घरातल्या जिवंत माणसाकडून आलेल्या असतात.

तयार अँटिबॉडी टोचण्याचा मार्गही निघाला. एव्हुशेल्ड या अशा इंजेक्शनला डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, विषाणू बदलत गेला, आणि जानेवारी 2023 मध्ये ती काढून घ्यावी लागली.

उरलेलं काम घरात

या प्रकरणातून दवाखान्यात जी शिस्त पक्की झाली ती कोव्हिडपुरती नाही. लस देण्याची सगळ्यांत चांगली वेळ प्रत्यारोपणाआधीची, आणि त्यातही डायलिसिस सुरू होण्याच्या जितकं आधी तितकं बरं, कारण किडनी बिघडत जाते तसा लशीचा प्रतिसादही खाली येतो. हिपॅटायटिस बी डायलिसिसवर 40 मायक्रोग्रॅमच्या मात्रेत 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी, दंडात, कमरेत नाही. कोर्स संपल्यावर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा, तपासायचा, तो 10 च्या खाली असेल तर पुन्हा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत विषाणूंच्या असतात, त्यामुळे त्या द्यायच्या तर प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी. नंतर सहसा नाहीच. फ्लूची निर्जीव लस मात्र दरवर्षी.

आणि ज्याच्या रक्तात काही उमटत नाही त्याच्या भोवतीच्यांनी लस घ्यायची. बायको, मुलं, घरी राहणारी आत्या, स्वयंपाकाच्या ताई, सगळ्यांनी. यात आपल्या घरांतली एक बाब प्रत्यारोपणाच्या कागदांवर क्वचितच लिहिलेली असते. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब जिवंत लशीचे असतात आणि ती लस बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहते. रोटाव्हायरसच्या थेंबांचंही तसंच. म्हणून घरात बाळ असेल तर त्याला फक्त पोलिओचं इंजेक्शन चालेल का, हे बालरोगतज्ज्ञांना आधी विचारावं. थेंब दिलेच असतील तर लंगोट बदलायचं काम तेवढे दिवस प्रत्यारोपण झालेल्या आजोबांकडे द्यायचं नाही, आणि बदलणाऱ्याने हात साबणाने धुऊनच त्यांच्या ताटाला हात लावायचा.